तांबडी रेघ

ज्ञानू वायदंडेचा उजवा हात मोडला तो शनिवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, आणि मोडला तो त्याच्याच कोयत्याच्या पाठीनं.

शैलजा डुबल तेव्हा कऱ्हाडच्या मंडईत दुसऱ्या टोकाला मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होती. गलका ऐकून तिला आधी वाटलं, जागेवरून भांडण लागलं असेल. मग एका बाईची किंकाळी आली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ज्ञानूची बायको मालन. गेली अठरा वर्षं शैलजा तिच्याकडून भाजी घेत होती. मेथी तिथंच टाकून ती धावली.

फ्लॉवरचे गड्डे रस्ताभर विखुरले होते आणि माणसं ते मुद्दाम तुडवत होती. तीस-चाळीस जण असतील. मधोमध ज्ञानू गुडघ्यांवर बसलेला. दोघांनी त्याचा हात लाकडी खोक्यावर सपाट दाबून धरला होता. आणि त्याच्यावर वाकून, हातात कोयता घेऊन उभा होता तो जोतिराम. शैलजाचा धाकटा दीर.

"जोती!" शैलजा ओरडली. "काय चाललंय हे?"

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका." जोतिरामनं मान वर केली नाही. "रेघ आलीय. तीनदा लावून बघितली, तिन्ही वेळा तांबडी. आणि गड्ड्यावर 'ज' कुठंय? काढून टाकलंय यानं लेबल."

"लेबल नव्हतंच वो," ज्ञानू रडत होता. "बाई, तुम्ही तरी सांगा. बियाणं साधं हाय. पोराबाळांची शपथ."

"पोलिसांत दे त्याला," शैलजा म्हणाली. "हात सोड."

"किती वेळा दिलं? दंड भरतात आणि दुसऱ्या दिवशी तीच भाजी घेऊन बसतात. आता ज्या हातानं लेबल काढलं तो हातच..."

कोयता खाली आला. आवाज अगदी बारीक झाला, वाळलेली शेंग फोडल्यासारखा. ज्ञानूचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही बाहेर पडलं नाही. ओरडली ती मालन.

शैलजाच्या पायाशी चिखलात एक रिकामं पाकीट पडलं होतं. त्यावर तिचाच फोटो होता, चष्म्यातून हसणारा. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'पारख. विश्वास ठेवू नका, पारखून घ्या.'

थोड्या वेळानं पोलीस आले. हवालदारानं वही काढून विचारलं, "मारलं कुणी?" शैलजानं मालनकडे पाहिलं. मालननं खाली पाहिलं. तिला उद्या याच मंडईत बसायचं होतं.

"गर्दी होती," शैलजा म्हणाली. "नीट दिसलं नाही."

हवालदारानं लिहिलं : अज्ञात जमाव.

*

कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. जनुकबदल केलेलं कुठलंही अन्न विकायचं तर त्यावर पिवळ्या गोलात काळा 'ज' छापायचा. या कायद्यासाठी भांडणाऱ्यांत शैलजा पहिल्या फळीत होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, ग्राहक मंचाचं काम बघायची, आणि अकरा वर्षं सभा, अर्ज, मोर्चे करत होती. हे अन्न विषारी आहे असं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं : ताटात काय येतंय ते खाणाऱ्याला कळलं पाहिजे. पुढं काय करायचं ते त्याचं तो ठरवील.

कायदा झाल्यावर तिनं विद्यार्थ्यांना घेऊन बाराशे गिऱ्हाइकांची पाहणी केली. लेबल हवं का, या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. मग पुढचा प्रश्न : आत्ता तुमच्या पिशवीत जे आहे त्यावर 'ज' होता का? उत्तर देता आलं फक्त एकतीस जणांना. बाकीचे पिशवीत डोकावून बघायला लागले. शैलजाला वाटलं, लोकांना नुसतं वाचायला देऊन भागणार नाही. त्यांच्या हातात काहीतरी दिलं पाहिजे.

ते काहीतरी तिच्या जुन्या विद्यार्थ्यानं बनवलं. निषाद बर्गे पुण्यात कंपनी चालवायचा. त्याची 'पारख' पट्टी वापरायला सोपी होती. भाजीचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत थेंबभर पाण्यात चेचायचा, त्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि सात मिनिटं थांबायचं. तांबडी रेघ उमटली तर जनुकबदल. नाही उमटली तर नाही.

आतली युक्ती मात्र देखणी होती. झाडात बाहेरचं जनुक नुसतं घालून चालत नाही, ते चालू व्हायला एक कळ लागते, दिव्याला लागते तशी. शास्त्रज्ञांनी फार पूर्वी एक दणकट कळ शोधून काढली. ती एकदा बसवली की जनुक कायम चालू राहतं. म्हणून कंपनी कुठलीही असो, पीक कुठलंही असो, बहुतेकांनी तीच कळ वापरली. निषादच्या पट्टीत एक प्रथिन होतं, कात्रीचं काम करणारं. त्या कात्रीला फक्त ती एक कळ ओळखायला शिकवलेलं. कळ सापडली की कात्री पिसाळल्यासारखी आजूबाजूचं सगळं कापत सुटायची, त्यातून बांधून ठेवलेला रंग मोकळा व्हायचा आणि रेघ उमटायची.

पट्टी बाजारात आली आणि सहा महिन्यांत चित्रच पालटलं. ज्या 'ज'कडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तो आता कवटीच्या खुणेसारखा दिसायला लागला. "चांगलं असतं तर लिहायला कशाला लावलं असतं?" बायका शैलजालाच विचारायच्या. ती सांगायची, अहो, ही नुसती माहिती आहे. बायका मान डोलवायच्या आणि भाजी परत टोपलीत टाकायच्या. 'ज'वाला माल खपेना, म्हणून काही विक्रेते खरोखरच लेबलं खरवडून काढायला लागले. लेबलं निघाली म्हणून लोक जास्त चिडले. गावोगाव पारख पथकं उभी राहिली. आधी नुसती आरडाओरड, मग तोंडाला काळं, मग हातगाड्या उलथणं. मिरजेत एका भाजीवाल्याला विजेच्या खांबाला बांधून मारलं तेव्हा शैलजानं पेपरात निषेधाचं पत्र लिहिलं. पत्राशेजारीच 'पारख'ची जाहिरात छापून आली होती. तिच्या फोटोसकट.

कऱ्हाडच्या पथकाचा प्रमुख जोतिराम होता. शैलजा लग्न होऊन डुबलांच्या घरी आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तिनंच त्याचा अभ्यास घेतला, त्याचं लग्न लावून दिलं. तिचा नवरा गेल्यावर त्याच पोरानं तिचं घर सांभाळलं, नळ गळतोय का तेसुद्धा येऊन बघायचा. मग त्याच्या बायकोचे, ऋतुजाचे, पाठोपाठ दोन गर्भ पाचव्या महिन्यात गेले. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. दुसऱ्या वेळेनंतर जोतिरामनं घरातली सगळी भाजी पारखली आणि वांग्याला रेघ आली. लेबल नसलेलं वांगं. त्या दिवसापासून त्याला कारण मिळालं.

*

मंडईतून शैलजा थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. येताना तिनं तुडवलेला एक गड्डा, त्याची दोन पानं आणि चिखलातलं ते पाकीट पिशवीत टाकलं होतं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. हातांना काहीतरी काम हवं होतं.

टेबलावर पान पसरलं आणि ती थबकली. शिरा पिवळ्या पडल्या होत्या, मधे फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी. पान उलटं केलं. मागे मावा चिकटलेला, बारीक हिरवा.

तिनं पानाचा रस काढून जनुकं वाचणाऱ्या यंत्रात घातला. तळहाताएवढं यंत्र, आता प्रत्येक कॉलेजात असायचं. दुपारी तीनला अक्षरांची माळ पडद्यावर उतरली. तिनं ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. फ्लॉवरच्या स्वतःच्या जनुकांत काहीही घुसवलेलं नव्हतं. बियाणं साधं होतं. ज्ञानू खरं बोलत होता. पण पानात आणखी कुणीतरी होतं : आठ हजार अक्षरांचा, गोल कड्यासारखा, एक जुनाट विषाणू.

आणि त्या विषाणूत ती कळ होती.

शैलजानं खुर्ची मागं ओढली आणि बसली. हे तिला माहीत होतं. ती हे दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. ती दणकट कळ शास्त्रज्ञांनी हवेतून आणलेली नव्हती. फ्लॉवरवर रोग पाडणाऱ्या एका विषाणूतूनच ती उचललेली होती. मावा तो विषाणू या झाडावरून त्या झाडावर नेतो. माणूस कोबी-फ्लॉवर खायला लागला तेव्हापासून तो विषाणू खातोय, आणि त्याला काही होत नाही. पण पट्टीतल्या कात्रीला फक्त कळ ओळखता येते. ती माणसानं बसवलीय की माव्यानं आणलीय, हे कात्रीला कसं कळणार?

तिनं निषादला फोन लावला. तो गाडी चालवत होता.

"मॅडम, ते आम्हाला ठाऊक आहे," तो शांतपणे म्हणाला. "पाकिटावर लिहिलंय ना."

"कुठं?"

"मागं. खालच्या बाजूला."

शैलजानं चिखलातलं पाकीट पुसलं, भिंगाखाली धरलं. घडीच्या कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : कोबी-मोहरी वर्गातील भाज्यांसाठी ग्राह्य नाही.

"हे कोण वाचणार, निषाद?"

"मोठं छापलं असतं तर फ्लॉवरच्या दिवसांत पट्टी कुणी घेतली असती? आणि मॅडम, त्या प्रूफवर तुमची सही आहे."

होती. तिला तो दिवस आठवला. दोन तासांमधल्या सुट्टीत तिनं पाकिटाचं प्रूफ पाहिलं होतं, स्वतःच्या फोटोतले केस जरा विस्कटलेत म्हणून हसली होती आणि सही केली होती. कंपन्या महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरांत लपवतात, म्हणून जिनं अकरा वर्षं टाहो फोडला तिनं.

"माल मागे घे," ती म्हणाली. "आजच्या आज."

"मार्चमध्ये नवी येतेय, दोन रेघांची. तिच्यात विषाणू वेगळा कळेल. तोवर..."

"तोवर हात मोडतायत, निषाद."

"मी कुणाला हात मोडायला सांगितलं नाही, मॅडम."

नेमकं हेच वाक्य शैलजा सकाळपासून मनात घोकत होती.

*

संध्याकाळी ती जोतिरामच्या घरी गेली. गावाच्या कडेला घर, मागं चार वाफे. तो जेवायला बसला होता. ऋतुजानं शैलजासाठीही ताट घेतलं, पण ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. कळ, मावा, विषाणू.

जोतिरामनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. "म्हणजे रोगट भाजी विकत होता. ते बरं का?"

"त्या रोगानं माणसाला काही होत नाही, जोती."

"कंपन्यांची माणसं हेच म्हणायची, वहिनी. अगदी याच शब्दांत. माणसाला काही होत नाही. तेव्हा तुम्हीच आम्हाला सांगितलंत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. आता पाकिटावर तेच छापलंय. तुमच्या फोटोखाली."

"तू एका निरपराध माणसाचा हात मोडलास."

त्याचा घास हातात राहिला. क्षणभर तिला वाटलं, पोचलं. पण तो म्हणाला, "माझी दोन लेकरं मी ह्या हातात धरलीत. एवढी, वीतभर. तुम्ही नव्हती धरली." आणि मग सावकाश, "उद्या रविवार. आख्खी मंडई पारखणार आहोत. चारशे माणसं येतायत. तुम्ही घरी राहा."

ऋतुजा चुलीकडे तोंड करून उभी होती.

"विष नाही असं एकच ठिकाण राहिलंय या गावात," जोतिराम म्हणाला. "माझा वाफा. आईच्या बियाण्याचे मुळे आहेत तिथं. चाळीस वर्षं बाहेरचा दाणा पडला नाही."

परत निघताना उरलेल्या उजेडात शैलजानं त्या वाफ्याकडे पाहिलं. मुळा मोहरीच्याच कुळातला. पानं खाली वाकवून तिनं मागची बाजू बघितली. तिथंही मावा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिराम बाहेर पडल्यावर ती पुन्हा आली. ऋतुजाकडे दोन मुळे मागितले. ऋतुजानं ते उपटले, धुतले आणि शैलजानं तिच्यासमोर, ओट्यावर, पट्टी लावली. रेघ उमटताना बघून ऋतुजा भिंतीला टेकली.

"अक्का... म्हणजे पोटात असताना मी लेकरांना हेच..."

"नाही. नीट ऐक." शैलजानं तिला पुन्हा सगळं समजावलं, पानावरचा मावा दाखवला. पोरगी बारावी झालेली. पाच मिनिटांत तिला कळलं.

"म्हणजे ती वांग्याची रेघ खरी असली तरी... माझं बाळ त्यानं गेलं असं नाही."

"नाही."

ऋतुजानं मुळे पिशवीत घालून दिले. "ह्यांना काही होणार नाही ना?"

"उलट थांबेल तो," शैलजा म्हणाली. हिला पाच मिनिटांत कळलं, तर लोकांनाही कळेल. असं तिला वाटलं.

*

मंडईच्या दोन्ही तोंडांशी मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या. विक्रेत्यांना आपापल्या मालामागं उभं केलेलं. ज्या मालाला रेघ आली तो मधल्या चौकात ओतला जात होता, कोबी, फ्लॉवर, वांगी, मोहरीचा पाला, सगळं एकत्र. त्या ढिगाशेजारी तिघे जण जमिनीवर बसले होते. एकाचं नाक फुटलेलं, सदरा छातीपर्यंत लाल. दुसरा स्वतःचे दात तळहातावर घेऊन बघत होता. कुणीतरी ढिगावर पेट्रोल ओतत होतं.

मालन आली होती. नवरा दवाखान्यात, तरी आली होती. पुढ्यात थोडे टोमॅटो आणि चार गड्डे. तिच्यासमोर जोतिराम उभा होता, त्याच्या बाजूला दीपक पिसाळ, औषधांच्या दुकानाचा मालक, पथकातला त्याचा उजवा हात. नळीत तुकडा पडलेला होता.

शैलजा एका खोक्यावर चढली. "ऐका! माझं ऐका! ही पट्टी चुकते!"

तिला सगळे ओळखत होते, म्हणून आवाज खाली आला. तिनं बोलायला सुरुवात केली. चौथ्या वाक्याला मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, कंपनीनं किती दिले?" हशा झाला. एक कोबीचा दांडा येऊन तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं.

"दांडा कुणी मारला?" जोतिराम गरजला. "वहिनी आहेत त्या माझ्या!"

शैलजानं रक्त पुसलं नाही. पिशवीतून मुळा काढून वर धरला. "हा मुळा कुणाच्या वाफ्यातला आहे? जोतिरामच्या. घरचं बियाणं, चाळीस वर्षांचं. याच्याइतकं शुद्ध कुणाकडे आहे का? मग लावा याला पट्टी. माझ्या हातानं नको, तुमच्या हातानं लावा."

जोतिराम हसला. खरंच हसला, मोकळेपणानं, लहानपणी हसायचा तसा. "आणा," तो म्हणाला. त्यानं स्वतः मुळ्याचं पान चेचलं, स्वतः पट्टी बुडवली आणि नळी उंच धरली.

सात मिनिटं. चारशे माणसं गप्प उभी होती. पेट्रोलचा वास येत होता.

रेघ उमटली. तांबडी, ठसठशीत.

"बघा!" शैलजाचा आवाज फाटला. "आता तरी पटलं? यात कुठलं बाहेरचं बियाणं? पट्टी चुकतेय. ज्ञानूच्या बाबतीतही चुकली. या तिघांच्या..."

"म्हणजे हासुद्धा?" कुणीतरी म्हणालं.

ते तिच्या आधी जोतिरामला ऐकू गेलं. त्यानं मान वळवली.

"आपल्याला नाचवतोय, आणि घरात हेच लावलंय?"

"म्हणूनच कुणाला वाफ्यात येऊ देत नव्हता!"

"वहिनी कंपनीची, हा पण कंपनीचा!"

पहिला फटका दीपक पिसाळनं मारला. खोक्याची फळी, खिळ्यांसकट. जोतिरामनं हात वर केला नाही. तो अजून नळीकडे बघत होता, काहीतरी नीट वाचायचं राहून गेल्यासारखा. दुसरा फटका मानेवर बसला तेव्हा तो गुडघ्यांवर आला. मग ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. शैलजाला एकेक तोंड स्पष्ट दिसलं. विमा एजंट हणमंत लोकरे. शिकवण्या घेणारा राजाराम शेवाळे, हातात वजनकाट्याचा पत्रा. गॅरेजवाला अशपाक मुजावर. ही माणसं तिच्या सभांना सतरंज्या घालायला यायची. कुणी पायानं मारत होतं, कुणी दगडानं, आणि कुणीच ओरडत नव्हतं. सगळं मन लावून चाललं होतं.

ती त्याच्या अंगावर पडली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली, आत काहीतरी तुटलं. दुसरी बसण्याआधी कुणीतरी तिचा पाय धरून तिला हातगाडीखाली ओढलं. मालन होती ती.

"गप पडा, बाई," तिनं शैलजाच्या तोंडावर हात दाबला. "हालू नगासा. गप."

गाडीखालून शैलजाला नुसते पाय दिसत होते. आणि पायांच्या मधून जोतिरामचा एक डोळा, उघडा.

पाच-सहा मिनिटांत सगळं संपलं. पाय पांगले. ढीग पेटवायचं कुणालाही आठवलं नाही. जाताना एका माणसानं मालनचे सांडलेले टोमॅटो वाकून गोळा केले आणि पिशवीत टाकले.

जोतिराम तिसऱ्या दिवशी गेला. शुद्धीवर आला नाही. पोलिसांनी लिहिलं : अज्ञात जमाव.

*

दहाव्या दिवशी पथकानं शोकसभा ठेवली. एका मंगल कार्यालयात. व्यासपीठावर जोतिरामचा हार घातलेला फोटो होता आणि फलकावर लिहिलं होतं, 'शुद्ध अन्नाच्या लढ्यातील हुतात्मा'. मारेकरी बियाण्याच्या कंपनीनं पाठवले होते, असं आता सगळं गाव सांगत होतं. पट्टीची विक्री दुपटीनं वाढली होती. पथकाचा प्रमुख आता दीपक पिसाळ होता, पहिल्या रांगेत बसलेला. तो रडला आणि खोटं रडला नाही.

तिलाही बोलायला बोलावलं होतं. पाकिटावरचा चेहरा म्हणून. छातीला पट्टा आवळलेला, भुवईवर टाके. ती माइकपाशी उभी राहिली. बायकांच्या बाजूला ऋतुजा बसली होती, पांढऱ्या तोंडाची, कोरड्या डोळ्यांची. गेल्या दहा दिवसांत ती शैलजाशी एक शब्दही बोलली नव्हती.

"जोतिरामला कुणी मारलं ते मी सांगते," शैलजा म्हणाली. "मी त्याच्या अंगावर पडले होते. मला तोंडं दिसली. दीपक पिसाळ."

टाळी वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले.

"हणमंत लोकरे. राजाराम शेवाळे. अशपाक मुजावर."

माइक बंद झाला. ती थांबली नाही. श्वास घेताना बरगडी टोचत होती, तरी आवाज वाढवला. "बजरंग कुराडे. सचिन थोरवडे. मिलिंद करमरकर. सातही जण पहिल्या रांगेत बसलेत."

कुणी उठलं नाही. एका खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, तेवढंच. दीपक पिसाळ शैलजाकडे बघत होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर उघडझाप करत होता. बाहेर पडायच्या दोन्ही दारांत माणसं उभी होती. इथून आपण धड जाणार नाही, हे तिला कळलं.

"आठवं नाव राहिलं, अक्का."

ऋतुजा उभी राहिली होती.

शैलजानं तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलवली. "शैलजा डुबल," ती म्हणाली. "पाकिटावरच्या बारीक ओळीखाली सही माझी. ज्ञानू वायदंडेचा हात माझ्यासमोर मोडला. कुणी मोडला ते पोलिसांनी विचारलं, तेव्हा दिसलं नाही म्हणाले ती मी. कारण मोडणारा माझा होता. आणि मुळा घेऊन मंडईत गेले तीही मीच."

"मुळा मी उपटून दिला," ऋतुजा म्हणाली. "तेही लिहायला लागेल." ती बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढं आली, व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि शैलजाच्या दंडाला धरलं. धरलं ते घट्ट, माया करावी तसं नव्हे, पण पडू द्यायचं नाही असं. "चला. पोलिसांत जाऊ. सगळी नावं देऊ, त्यांचं पण. ज्ञानूकाकांच्या हाताला त्यांचं नाव लागतं."

दोघी खाली उतरल्या. दाराकडे जायला पहिल्या रांगेपुढूनच वाट होती आणि सात जणांनी पाय लांब पसरले होते. शैलजा अडखळून थांबली. ऋतुजा थांबली नाही. तिनं अशपाक मुजावरच्या तोंडाकडे बघितलं, तिच्या लग्नात तो वाढपी होता.

"पाय घ्या," ती म्हणाली.

त्यानं पाय आत घेतले. मग शेजारच्यानं घेतले. मग त्याच्या शेजारच्यानं.